चार्जिंग नव्हतं

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय बसू,

तुझी अव्वा बरी आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. हॉस्पिटलातून घरी येऊन आज बारा दिवस झाले. खुब्याचे टाके सुकलेत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी काल तिला वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालवलं. सात पावलं टाकली आणि म्हणाली, बास झालं, मी काय जोतिबाला निघालीया व्हय. त्या बाई हसल्या. मीही हसलो.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू तीनच गोष्टी विचारतोस. अव्वा कशी आहे, गोळ्या झाल्या का, आणि कानाच्या मशीनच्या सेंटरवाल्यांनी तक्रारीवर काय उत्तर दिलं. तिसरा प्रश्न आला की मग मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवतो. तिकडे बंगळूरला तुला वाटत असेल, आप्पाला नीट ऐकू आलं नाही. सगळं ऐकू येतं, बसू.

मला भीती वाटते. शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहिलो, तेव्हा कधी वाटली नाही अशी. आता ती कानाच्या मशीनच्या चार्जिंगची वाटते. मी दोन्ही मशीन एकदम काढतच नाही. दुपारी अव्वा जेवून पडली की एकच काढून डबीत ठेवतो. हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. तो स्थिर होईपर्यंत तीन तास जातात. तेवढा वेळ मी खुर्ची तिच्या पलंगासमोर ओढून तिच्या तोंडाकडे बघत बसतो. ओठ हलले की उठतो. बहुतेक वेळा ती झोपेत असते. मग दुसरं मशीन, पुन्हा तीन तास. मधेच लघवीला जायचं झालं तर शेजारच्या झुंबरबाईंना बोलावून बसवतो आणि मगच जातो. भिंतीवरचं बटण चालू आहे ना, हे दहा वेळा बघतो. वीज गेली तर म्हणून पॉवर बँक आणलीय, आणि तिचं चार्जिंग उतरलं तर म्हणून दुसरी. परवा दोन्ही मशीन कानात असताना मला अव्वाची हाक ऐकू आली. धावत गेलो. ती शांतपणे टीव्ही बघत होती. म्हणाली, मी कुठं बोलावलं?

तू जानेवारीत ही मशीन घेऊन दिलीस तेव्हाचा दिवस मला आठवतो. त्याआधीच्या मशीनला शर्टाच्या गुंडीएवढा सेल लागायचा. माझ्या जाड बोटांतून तो निसटायचा आणि आम्ही दोघं कपाटाखाली टॉर्च घेऊन शोधत बसायचो. सेंटरमधल्या त्या मुलीनं, सुष्मितानं, नवी मशीन माझ्या कानात बसवली, डबी कशी उघडायची, आतल्या टोकांवरचा घाम आणि धूळ कोरड्या कापडानं कशी पुसायची, दिव्याचा अर्थ काय, हे तीनदा दाखवलं. चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. घरी आलो तर अव्वा स्वयंपाक करताना स्वतःशीच बोलते, हे मला लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर कळलं. डाळीला दटावते, गॅसला विचारते, मधेच कानडीत कुणाला तरी नावं ठेवते. पहिला महिनाभर मी ते कौतुकानं ऐकलं.

आता त्या दुपारचं. सकाळपासून ती म्हणत होती की डोकं हलकं हलकं वाटतंय. मी म्हणालो, चहा घे. मग तिनं तो विषय काढला. बसवेश एवढा बोलावतोय तर आपण बंगळूरला जाऊया की. इथं आपण दोघंच. एकाला काय झालं तर दुसऱ्याला कळायचं कसं? मी म्हणालो, नवव्या मजल्यावर मला कोंबडीसारखं बसायचं नाही. जेवताना पुन्हा तेच. भांडी घासताना पुन्हा तेच, आणि अधूनमधून, डोकं फिरल्यासारखं होतंय वो. मला वाटलं, बंगळूरला न्यायचा हा नवा रस्ता आहे. तीनच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. मशीन कानात नव्हतं. थोड्या वेळानं डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीच्या गजांना धरून झुंबरबाई उभ्या होत्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज काहीच नाही. एका हातानं त्या गजावर तांब्या आपटत होत्या, तोही मला ऐकू येत नव्हता. मग त्यांनी घराच्या मागच्या बाजूला बोट केलं. न्हाणीच्या दारात अव्वा आडवी पडली होती. पाय भलत्याच बाजूला वळलेला. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. तोवर तिनं हाका मारणं सोडून दिलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होता? अव्वा म्हणाली, मला काय ठाऊक न्हाय, पडल्या पडल्या चक्कर आली, शुद्धीवर आले तर ही दोघं समोर. मी बाजूलाच उभा होतो. झुंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या खाली बघू लागल्या. नंतर बाहेर बाकड्यावर त्यांनी मला खरं सांगितलं. पाऊण तास ती हाका मारत होती. पहिल्यांदा त्यांना वाटलं, भाऊजी घरात आहेत, जातील. आधी ती नेहमीसारखी अवो, अवो करत होती. मग तिनं माझं नाव घेतलं. बाळाप्पा, अशी हाक. लग्नातल्या उखाण्यानंतर या बाईनं माझं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. कुणी विचारलं तर बसवेशचे आप्पा म्हणायची. झुंबरबाई म्हणाल्या, नाव ऐकलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट झालंय, म्हणून मी पळत आले.

त्याच संध्याकाळी तू व्हिडिओवर विचारलंस, आप्पा, तुम्ही घरातच होता ना, मग ऐकू कसं आलं नाही? मी म्हणालो, चार्जिंग नव्हतं. रात्रभर डबीत ठेवलं होतं, पण झालंच नाही.  तुझा चेहरा लाल झालेला मी बघितला, आणि तो राग माझ्यावर नाही हे कळल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो. मला बरं वाटलं.

तू तक्रार केलीस, इंटरनेटवर लिहिलंस, सुष्मिताचं नावही घातलंस. अव्वाला घरी आणल्यावर चार दिवसांनी ती आली. लॅपटॉप लावून तिनं दोन्ही मशीन तपासली, डबी तपासली. रोज सरासरी चौदा तास चालतायत काका, म्हणाली, चार्जिंगही पूर्ण होतंय, मला कुठं बिघाड दिसत नाही. मग तिनं अगदी हळू विचारलं, त्या दिवशी सकाळी दिवा लागलेला होता का, जरा आठवून सांगा. मी म्हणालो, नव्हता. तिनं ते लिहून घेतलं. जाताना अव्वाच्या पाया पडली आणि म्हणाली, माझ्याकडून शिकवण्यात काही राहिलं असेल तर माफ करा. परवा मी सेंटरवर फोन केला तर दुसऱ्याच कुणी उचलला. प्रकरण मिटेपर्यंत मालकांनी तिला घरी बसायला सांगितलंय. कोडोलीहून रोज बसनं येऊन नोकरी करणारी पोरगी आहे ती.

आणि अव्वा. ती मला हाक मारत नाही, बसू. घरी आल्यापासून एकदाही नाही. पाणी हवं असेल तर मी समोर येईपर्यंत थांबते. एकदा तिचा चष्मा खाली पडला, हात पुरत नव्हता, मी शेजारच्या खोलीत होतो, दोन्ही मशीन कानात, दिवसभर पुरेल एवढं चार्जिंग. वीस मिनिटांनी मी आपण होऊन आत गेलो तेव्हा म्हणाली, तेवढा चष्मा द्या. मी म्हणालो, हाक मारायची की. ती म्हणाली, असू दे, घाई नव्हती. तेव्हापासून माझी झोप गेली आहे. तिला उद्या पुन्हा काही झालं तर ती हाकच मारणार नाही, ही भीती मला मशीनच्या भीतीहून मोठी वाटते.

त्या दिवशी चार्जिंग होतं. दोन्ही मशीन पूर्ण भरलेली होती आणि सकाळपासून माझ्या कानात होती. बंगळूर, चक्कर, बंगळूर, चक्कर ऐकून मला कंटाळा आला. डबीत ठेवलं की मशीन आपोआप बंद होतं, हे सुष्मितानंच मला शिकवलं होतं. जेवण झाल्यावर मी ती दोन्ही काढून डबीत घातली आणि झाकण लावलं. तुझ्या अव्वाचा आवाज मी माझ्या हातानं बंद केला. हे काल दुपारी मी तिला सांगितलं.  ती म्हणाली, ठाऊक हाय. भांडी घासताना बघितलं की मी. मी विचारलं, मग डॉक्टरला तसं का सांगितलंस? म्हणाली, पोराला काय सांगायचं हुतं मी? तुझ्या बापानं माझं बोलणं नको म्हणून कान काढून ठेवले? तुम्हीच सांगा आता. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मी सेंटरवर जाऊन मालकांपुढे हेच सांगणार आहे, पण तक्रार तुझ्या नावाची आहे, ती तुलाच मागे घ्यावी लागेल. वाचून झालं की आधी ते कर. इंटरनेटवर लिहिलेलं काढ, आणि सुष्मिताला फोन कर. नंबर मागे लिहिलाय. मग मला कर. तू काय बोलशील याचीही मला भीती वाटते. पण बोल. यावेळी रेंजचं कारण सांगणार नाही. ऐकून घेईन.

तुझाच,
आप्पा