चाकावरची चूल

१० जानेवारी १९७१, रविवार

ह्यांनी घर आणलंय. चार चाकांचं!

खंडाळ्याच्या बंगल्यातल्या पारशीणबाई ह्यांना म्हणाल्या, "मारुती, गॅरेज मोकळा कर नी घेऊन जा ही." त्यांच्या सासऱ्यांनी शिकारीला जायला बांधून घेतलेली गाडी आहे. खाली लॉरी, वर लाकडाची खोली. दुसऱ्या लॉरीला दोर बांधून आमच्या वलवणपर्यंत ओढत आणली. अख्खी आळी मागून चालत आली.

आत आधी मी घुसले! खटका दाबला की भिंतीतून पलंग खाली येतो. आरशाखालचं फळकूट ओढलं की हात धुवायचं भांडं, आणि मिटलं की पाणी आपोआप खाली रस्त्यावर! पुन्हा पुन्हा करून बघितलं. पदर भिजला, हौस फिटली नाही. पितळेची एक नळीही आहे. आत बोललं की पुढे ड्रायव्हरच्या कानाशी ऐकू जातं. ह्यांना पुढे बसवून नळीत म्हटलं, "ड्रायव्हर, तळेगावला माहेरी घ्या." पुढून आवाज आला, "पेट्रोल न्हाई, बाईसाहेब!"

आणि कोपऱ्यात ओटा. एवढासाच, पण उभ्यानं स्वयंपाक करायचा. स्टोव्ह बसवायला खाचसुद्धा आहे.

आत्याबाई अंगणातूनच लेकावर कडाडल्या, "चाकावर चूल? आपुन काय भटकं हाय का? मी न्हाई पाय ठेवायची."

१२ जानेवारी

वांग्यात खोबरं घातलं म्हणून आज सकाळपासून बोलणी. "कुटं शिकलीस ही थेरं?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून मिठाची बरणी आत्याबाईंच्या मांडीशी. मला माझी चूल हवी. बास. दुसरं काही मागत नाही मी.

ह्यांना म्हटलं, आपण दोघं गाडीत राहू. अंगणातच तर उभी आहे!

"एकट्या आईपासनं चूल वायली मांडली तर गावात तोंड दाखवाया जागा राहील का?"

पण विचार काही जात नाही.

१५ जानेवारी

ओट्याला हिरवा रंग दिला. माझा ओटा. (नुसतं लिहून बघितलं.)

२० जानेवारी

तुंगार्लीच्या मैदानात बंगलेवाले लोक जुन्या फिरत्या घरांचं प्रदर्शन भरवणार आहेत. ३१ तारखेला. आमचीही जाणार! ह्यांनी इंजिन चालू केलं. धूर असा की शेजारची रतनबाई कुठं आग लागली म्हणून बादली घेऊन धावली.

पण आनंद टिकला नाही. मुंबईचे एक शेठ गाडी बघायला आले होते. मी आत नळी घासत होते आणि नळीतूनच ऐकू आलं — "प्रदर्शन झालं की मी नेतो. बदल्यात तुला चालू टेम्पो."

"व्हय शेठ."

नळीला तोंड लावून ओरडले, "न्हाई!" पुढे दोघं सीटवरून उडाले म्हणे!

मग हे समजावत बसले. टेम्पो आला तर माल वाहून चार पैसे मिळतील, ही नुसती उभी राहणार. खरं आहे ते. म्हणूनच जास्त रडू आलं.

२५ जानेवारी

पाणी भरून आले तर आत्याबाई गाडीत! ओट्यावरून हात फिरवत होत्या. मला बघून दचकल्या.

"आतनं कडी लागती का गं?"

लावून दाखवली. मग त्यांनी स्वतः लावली, काढली, परत लावली. चोराची भीती वाटत असेल. उगाच.

३१ जानेवारी, रविवार

काय काय बघितलं आज! एका संस्थानिकाची शिकारीची बस, आत चक्क न्हाणीघर. एका निवृत्त सुभेदारांनी मिलिटरीच्या ॲम्ब्युलन्सचं घर केलंय, बंपरखाली कोंबड्यांचं खुराडं. आणि एक जर्मन जोडपं गोव्याला निघालेलं, त्यांच्या गाडीचं छप्परच वर उठतं! ती बाई खुणांनी सगळं दाखवत होती, मी खुणांनी विचारत होते. छप्पर उठल्यावर पाऊस आत येतो का, हे काही मला खुणेनं विचारता येईना.

आमच्या गाडीत चहासाठी स्टोव्हवर दूध ठेवलेलं, आणि मी दारात उभी राहून तिच्याशी हातवारे करत बसलेली. मागे चर्रर्र! दूध उतू गेलं.

तोंड लपवायला जागा शोधत होते तेवढ्यात आत्याबाई केवढ्यानं ओरडल्या, "घरभरणी झाली!"

वलवणच्या बायकांनी हात जोडले. रतनबाईनं ओट्याला कुंकू लावलं. शेठ धावत आले. "अहो, ही मोटार आहे!"

"मोटारीत दूध उतू जातं व्हय? घर हाय ते आता. घरभरणी झालेलं घर मोकळं ठेवत न्हाईत अन् परक्याला बी देत न्हाईत."

ह्यांनी एकदा शेठनी आणलेल्या टेम्पोकडे बघितलं, एकदा आईकडे. "न्हाई जमायचं शेठ. आईचा शब्द हाय."

शेठ फणफणत गेले. मला नाचावंसं वाटत होतं! घर मोकळं ठेवायचं नाही म्हणजे कुणीतरी राहायलाच हवं. गाडी परत अंगणात लागताच मी दोन उश्या उन्हातून आणल्या. पण आत्याबाई म्हणाल्या, "पैली रात थोरल्या माणसानं काढायची," आणि आपली वाकळ घेऊन चढल्या. असो. एका रात्रीचा तर प्रश्न.

एक मात्र खटकतंय. दूध वर येत होतं तेव्हा आत्याबाई स्टोव्हसमोरच उभ्या होत्या.

१ फेब्रुवारी

आजही त्याच झोपणार म्हणे.

३ फेब्रुवारी

सकाळी गाडीतून स्टोव्हचा आवाज. दार वाजवलं. आतली कडी निघाली. हिरव्या ओट्यावर आत्याबाईंचं पातेलं.

"माझी सासू गेली त्याच साली तू आलीस. माझ्या एकलीची चूल कवा झालीच न्हाई बघ. मिठाची बरणी घरातच ठिवलीया. वांग्यात खोबरं घाल न्हाईतर दगूड घाल."

मी ओट्याशी जायला लागले तर हाताला धरून पलंगावर बसवलं. "बस गं. पाव्हणी हायेस."

आत्याबाईंनी आज पहिल्यांदा माझ्या हातात चहा दिला. साखर फार होती. मी सगळा प्यायले. घर त्यांचं.