मीच लिहिलेला तुमचा पूर्वपक्ष

सर, तळासरीच्या एसटी स्टँडवर बसून तुम्हाला लिहितोय. मांडीवर तुमची ती खाकी कव्हरातली रशियन कादंबरी आहे, बावीस वर्षं माझ्याकडे अडकलेली. काकू सोमवारी तुमचं बोर्डीचं घर बंद करून लेकीकडे नाशिकला चालल्या आहेत, कायमच्या. आज शनिवार. पुस्तक परत द्यायचं आणि तुमच्याकडे यायचं मी का थांबवलं ते त्यांना सांगायचं, एवढंच काम. हाताला घाम सुटलाय, कव्हरावर बोटं उमटलीत. तुम्ही असतात तर आधी त्यावरच बोलला असतात.

तो दिवस मला लख्ख आठवतो. ओट्यावर चिकूंचा ढीग आहे, तुम्ही एकेकाला नख लावून पाहताय, सालीखाली हिरवा दिसला की कच्चा म्हणून बाजूला. मी नुकताच कॉलेजात संस्कृतचा मास्तर झालोय आणि माझे सहकारी किती मठ्ठ आहेत हे तासभर सांगतोय. "पंडित, श्वास घे जरा," म्हणत तुम्ही आत जाता आणि हे पुस्तक आणता. "वाच. यातला माणूस तुझ्या ओळखीचा निघेल." आतून काकू ओरडतात, "अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या, मग मारा पुस्तकं डोक्यात!"

घरी येऊन चाळीस पानं वाचली. गोष्ट सांगणाऱ्याला नावच नाही. खोलीत एकटा बसून कुणीतरी कधीकाळी हसलं होतं त्याचं उत्तर घोटत राहतो, समोर नसलेल्यांशी वाद घालतो. कुणी मायेनं जवळ आलंच तर आधी बोचकारतो, कारण अपमानाला त्याच्याकडे उत्तर तयार असतं, मायेला नसतं. माझ्या कानशिलांना आग लागली. सरांनी मला नख लावून पाहिलं आणि हिरवा म्हणून बाजूला टाकलं!

आणि मग मी जे केलं ते फक्त तुमचाच विद्यार्थी करू शकतो. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी आपणच नीट मांडायचं, मग खोडायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त तुम्हीच आम्हाला लावलीत. ती मी तुमच्यावरच चालवली. हा कडवट आहे, याला माणसं नकोशी आहेत, असं तुमचं म्हणणं मीच रचलं आणि मीच हिरिरीनं खोडलं. दर वेळी जिंकलो. समोर तुम्ही नव्हतातच, त्यामुळे अडचण आली नाही. वर सूड म्हणून तुमच्याकडे येणं बंद केलं. झाई गावच्या माझ्या एका सहकाऱ्याबरोबर तुम्ही निरोप धाडलात, "पंडित रुसलाय का, विचार." मी म्हटलं, पेपर तपासतोय. वर्षभर पेपर तपासले, सर. तेवढ्यात तुम्ही गेलात.

परवा काकूंचा फोन आला. "अरे, चिकू उतरवलेत. येताना पिशवी आण, माझ्या सगळ्या बांधून झाल्या. आणि ते रशियन पुस्तक आहे का रे तुझ्याकडे? कुणाला हात लावू देत नसत त्याला. म्हणायचे, यात माझीच कुंडली आहे."

माझीच. म्हणजे तुमची. मी 'हो, आहे' एवढंच म्हणालो आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तुम्ही स्वतःची खोली मला उघडून दाखवत होतात आणि मी चाळिसाव्या पानावर दार लावून घेतलं? का हाही पुन्हा मीच रचलेला, या वेळी मला सोयीचा, पूर्वपक्ष आहे? विचारायला तुम्ही नाही. काकू आहेत, सोमवारपर्यंत.

बोर्डीच्या दोन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. कंडक्टरनं विचारलंही, "मास्तर, यायचंय का नुसतंच लिहायचंय?" कारण काकू काय म्हणतील ते मी कागदावर उतरवत होतो: 'शेवटचे दिवस ते वाट बघत होते रे', आणि त्यापुढे माझं उत्तर, मुद्देसूद. आत्ताच दोन्ही खोडलं.

तिसरी गाडी लागलीय. एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी पुस्तकात ठेवणार होतो, म्हणजे काकूंना ते आपोआप सापडलं असतं आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. काढून खिशात घालतोय. पिशवी मात्र घरीच विसरलो.