तबकडी संपते तिथे

लोणावळे, रविवार, १२ जानेवारी १९३६

ती. आईस द्वारकीचा नमस्कार.

नानांच्या तसबिरीला हार घालून बेहेरेबुवा काल आमच्याकडे गायला बसले, तेव्हाच मी कान टवकारले. नानांचा शिष्य म्हणवून तुझ्याकडे त्यांचा तंबोरा मागणारे ते हेच.

आवाज गोड आहे. पण पदाचा शेवट त्यांनी एकदम उरकला. नानांनी तो फक्त ग्रामोफोनच्या तबकडीत तसा उरकला होता, कारण तीन मिनिटांत ती संपते. घरी मला मांडीवर घेऊन तेच पद ते अर्धा तास गात. शिष्याला हे ठाऊक नसावं?

“गाणं ऐकतेस की उलटतपासणी घेतेस?” असं ह्यांनी मला विचारलं.

तंबोरा इतक्यात देऊ नकोस. आम्ही खुशाल आहोत. तुझा खोकला कसा आहे? खरं कळव.

तुझी,
द्वारकी

सोमवार, सकाळी. बुवा निरोप घ्यायला आले. “नानांकडे किती वर्षं होतात?” मी विचारलं.

“एकही दिवस नाही,” ते म्हणाले. तंबोऱ्याचं नावही काढलं नाही. तबकडी संपल्यावर नाना पुढे कसं गात, एवढंच विचारलं. मी चहा खाली उतरवला आणि म्हणून दाखवलं.