मागच्या गल्लीत गेलेलं पीठ

मंगळवार, दिवेलागण

आधी आली ती सुमनबाईच, न बोलावता. मागून शहरातल्या दोन मॅडम, आणि त्यांच्या वह्या धरून माझी नात कोमल. पोरीचं पहिलंच काम, मॅडमच्या पाहणीत मदतीचं. आमच्या गल्लीला नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ द्यायचं, मागच्या गल्लीला नाही, अन् लेकरांची मैदा-बिस्किटांची सवय कुठं जास्त सुटते ते ताडून बघायचं. सुमनबाई मागच्या गल्लीतली. हसत म्हणाली, "मन्हा घर बी नागलीच शे! आक्का रोज वाटीभर पीठ धाडस." आक्का म्हणजे मी, पीठ धाडते ती मीच.

एका मॅडमचा पेन थांबला. मागच्या गल्लीतही पीठ गेलं, तर आता ताडून काय बघणार?

सुमनबाईकडून रोज वाटीभर ताक येतं. तिची वाटी रिकामी कशी परत करू? तिची नातवंडं आता भाकर मागून खातात, त्याचा मला आनंदच आहे, खोटं कशाला लिहू. पण कोमल जेवली नाही. "आजी, आता मॅडमले काय सांगू?" एवढंच बोलली. माझ्या वाटीपायी पोरीचं काम जाईल का?

चूक माझी, मीच सांगेन. पण तोवर पीठ थांबवलं तर त्या लेकरांना काय, परत बिस्किटं? मॅडम शुक्रवारी येतो म्हणाल्या. मधे बुधवार आहे, गुरुवार आहे; सुमनबाईची ताकाची वाटी दोन्ही दिवस येणारच.