ताडपत्रीखालचा सूड

४ जून. दुपार.
वही कामावरच्या गोदामातून उचलली आहे. माल-आवक रजिस्टर. रकान्यांकडे बघितलं नाही की छान चालते. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय. कारणच तसं आहे. सूड.

चार दिवस ट्रेन आणि एक दिवस बस करून सायबेरियातून गावी आलो. पाटाच्या कडेला बघतो तर माझे पॉपलर नाहीत. सोळाच्या सोळा. नुसते बुंधे. मी जन्मलो तेव्हा बापाने स्वतःच्या हाताने लावलेले. मुलगा झाला की लावायचे, तो लग्नाचा होईपर्यंत ते छताजोगे होतात. दादाच्या घरावर दादाचे आहेत. आईचं जुनं घर धाकट्याचं, म्हणजे माझं, आणि त्याचं छत गळतं. जाझगुलच्या बापाने, मातकेरिमने, स्पष्ट सांगून टाकलंय, गळक्या छताखाली पोरगी देणार नाही. ऑक्टोबरात लग्न करायचं ठरतंय. आणि इथे माझं छत मुळापासून गायब.

कोणी केलं हे विचारायची गरजच नाही. अनारकान वहिनी. दादा आणि आई मेंढ्या घेऊन वर कुरणावर, तिथे फोन लागत नाही. सप्टेंबरपर्यंत घरात हिचं राज्य. दारातच तोंडभर हसली. म्हणाली, आलात का धाकटे मालक, वाळलात की हो, बसा, तुमच्या झाडांचं सांगायचंय...
मी कानात इअरफोन घातले. फोनची बॅटरी संपली होती, पण तिला काय कळतंय.

(सून सासरच्या कोणाचं नाव घेत नाही. म्हणून मी 'धाकटे मालक'. पण ज्या सुरात ती 'मालक' म्हणते तो सूर मी ओळखतो.)

५ जून. सकाळ.
ठराव. उन्हाळाभर वहिनीशी बोलणार नाही. तिचं ऐकणारही नाही. तिच्या हातचं गोड खाणार नाही. जे करायचं ते शांतपणे आणि थंड डोक्याने.

९ जून.
अबोल्याचा परिणाम दिसू लागलाय. वहिनी पार हादरली आहे. दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. तिला तीन पोरं, दोन वासरं, टोमॅटोचे वाफे, काकडीचे वेल आणि पहाटेची पाण्याची पाळी आहे हे खरं, पण गप्प आहे ती माझ्यामुळेच.

मिठासाठी ऐपेरीला (पुतणी, वय नऊ) मध्ये घालावं लागलं. कार्टी म्हणाली, काका, मीठ तुमच्या कोपरापाशीच आहे.

२० जून.
जर्दाळू पिकले. सगळे एकदम, त्यांना कुठली शिस्त. वहिनीने न बोलता माझ्या हातात बादली दिली. मी न बोलता झाडावर चढलो. मनात वेगळाच प्लॅन. जेवढे चांगले तेवढे वरच्या वर खाऊन टाकायचे. तिच्या मुरंब्याला उरतील ते हिरवे आणि किडके.

२१ जून.
पोट.

२३ जून.
अजून पोट. पण तिचेही दोन दिवस वाया गेले. भाताची पेज करून करून दमली. हिशेब बरोबर.
आज उशाशी येऊन म्हणाली, धाकटे मालक, आता तरी ऐका, तुमची झाडं मागच्या उन्हाळ्यानंतर... मी कण्हलो. जोरात. गेली.

२ जुलै.
अंगणात बरण्याच बरण्या. तीन लिटरच्या, काचेच्या, शंभर तरी असतील. वाफेवर धुवायच्या, भरायच्या, पत्र्याचं झाकण ठेवायचं आणि यंत्र गरगर फिरवून आवळायचं. आवळायचं काम माझ्या गळ्यात आलं. म्हणते, गोदामात काम करणारे हात आहेत तुमचे.

हे हातच तिला महागात पडणार आहेत. यंत्र दोन फेरे फिरवतात. मी पाच फिरवले. दात ओठ खाऊन. हिवाळ्यात बर्फ पडला असेल, पाहुणे बसले असतील, आणि हिला एक बरणी उघडता येणार नाही. मी तेव्हा सायबेरियात हसत असेन.

६ जुलै.
शेजारणीने नळावर सांगितलं म्हणे, अनारकानच्या दिराचं एक झाकण गळत नाही. आज सात बायका बरण्या घेऊन हजर. मी नाहीच म्हणणार होतो, पण त्यांनी येतानाच लोण्यात तळलेलं आणलं होतं. एकशेदहा झाकणं. सगळी पाच फेऱ्यांची. सूड गावभर पसरला असं म्हणायला हरकत नाही.

७ जुलै.
गरम बरण्या उलट्या ठेवून त्यांच्यावर रजया पांघरतात, म्हणजे हळूहळू निवतात. माझी रजई काकड्यांना दिली. मी कोट घालून झोपतोय. सुडाच्या यादीत नोंद केली.

१५ जुलै.
नवा आणि मोठा प्लॅन. वहिनीची सगळ्यात मोठी ऐट कसली? तिच्या नानची. वाकून तंदुरात हात घालते आणि भिंतीला चटाचट चिकटवते. ठरलं. मी तिच्याहून चांगले नान भाजणार. तिच्याच तंदुरात. गावासमोर नाक कापायचं.

संध्याकाळ. पहिले चार नान राखेत पडले. डावी भुवई जळाली.

१६ जुलै.
जाझगुलचा व्हिडिओ कॉल. बराच वेळ बघत राहिली. विचारलं, भुवई कुठे ठेवलीस. मी म्हणालो, एका मोठ्या कामात गेली. मग ती म्हणाली, तुझी वहिनी नळावर सगळ्यांना सांगते, वासे काय सुरेख वाळलेत, काठीसारखे सरळ.
वासे? कसले वासे? फोन ठेवल्यावर शोध घेतला.

१७ जुलै. दुपार.
सापडले! गोठ्यामागे, ताडपत्रीखाली. सोललेले, वाळलेले, पांढरेशुभ्र. विटांवर रचून ठेवलेत, ओल लागू नये म्हणून. आता सगळा उलगडा झाला. माझे पॉपलर विकले आणि त्या पैशाने हे उंची लाकूड आणलं. स्वतःच्या काचघरासाठी! टोमॅटोंना बंगला, आणि माझ्या छताला आभाळ. वर नळावर फुशारकी.

ढग आला की वहिनी धावत जाऊन ताडपत्री ओढते. शेजारच्या बकरीने टेकून अंग घासलं तर चप्पल फेकून मारली. स्वतःच्या पोरांची एवढी काळजी घेत नाही.
मुळावर घाव घालायची जागा मिळाली.

१९ जुलै.
तंदुराला वहिनी देते गोवऱ्या आणि जर्दाळूच्या काटक्या. अशा आचेवर माझ्यासारख्याचे नान कसे होणार? ती बाजारात गेल्यावर मागच्या रांगेतला एक वासा काढला आणि करवतीने तुकडे केले. पुढची रांग तशीच ठेवली. डोकं लागतं याला.
आज एकही नान पडला नाही.

२५ जुलै.
चौथा वासा. हिने लाकूडही फसवून घेतलंय. दिसायला देखणं, पण कागदासारखं फसफस जळतं. एका वाशात आठवडासुद्धा निघत नाही. हिला व्यवहार कळत नाही.

वहिनीने माझा नान मोडून तोंडात घातला. थांबली. म्हणाली, धाकटे मालक, कमाल केलीत, उद्यापासून भाजायचं तुमच्याकडे. आणि परत टोमॅटोंकडे गेली.
हरली! तंदूर माझ्या ताब्यात आला. आता रोज पहाटे मलाच उठावं लागतं, पण सत्ता म्हटली की जबाबदारी आलीच.

८ ऑगस्ट.
मुरंब्याची मोठी कढई अंगणात चढली. दिवसभर जाळ पाहिजे. मी म्हणालो (ऐपेरीमार्फत), जाळाचं मी बघतो. वहिनीचे डोळे भरून आले. म्हणाली, किती हो करता. तिच्याच वाशांवर तिचाच मुरंबा उकळत होता आणि ती माझे आभार मानत होती. एवढा गोड सूड आमच्या खानदानात कोणी घेतला नसेल.
ठरावाप्रमाणे मुरंब्याला बोटही लावलं नाही. वास फार येत होता.

१७ ऑगस्ट.
टोमॅटो, मिरच्या, वांगी, पुन्हा टोमॅटो. वहिनीच्या दोन बहिणी पोराबाळांसकट मदतीला आल्या. म्हणजे रोज तीस नान. नववा वासा. मागे पोकळी झाल्यामुळे ताडपत्री खचायला लागली. आत बरण्यांचे रिकामे खोके रचले. बाहेरून काही कळत नाही. गोदामातली विद्या.

२३ ऑगस्ट.
जाझगुलचा फोन. तिचा बाप स्वतः छत बघायला येणार म्हणतो. मी म्हणालो, येऊ दे. छताचं मी कसंतरी बघेन. आधी हातातलं काम पुरं करतो.
अकरावा.

२९ ऑगस्ट.
पोरांची शाळा सुरू होणार. वहिनी दप्तरं शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, तुम्ही माझ्यावर रागावलात हे मला कळतं, धाकटे मालक. तुमचे भाऊ आले की तेच बोलतील, मी आपली गप्प बसते.
पश्चात्ताप! शेवटी आलाच. क्षणभर वाईट वाटलं. पण पुढच्या रांगेला हात लावला नाही, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

३ सप्टेंबर. सकाळ.
आज वरून सगळे उतरणार. आई, दादा, आणि वाटेत त्यांना भेटून सुतार ओरोज मामा. मातकेरिमही येतोय. फार छान. भर पंगतीत पुढे होऊन ताडपत्री ओढणार आणि विचारणार, माझे पॉपलर कुठे आहेत? भाषण तयार आहे. भुवईही उगवलीय.

३ सप्टेंबर. दुपार.
भाषण झालं नाही.

आईने माझा नान हातात घेतला, कपाळाला लावला, एक घास खाल्ला. म्हणाली, कोणी भाजलाय हा? वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. आईचा चेहरा असा झाला की मला ट्रेनच्या तिकिटाचे सगळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मातकेरिमनेही दुसरा नान घेतला.

मग ओरोज मामा चहा संपवून उठले. कानाला पेन्सिल, हातात टेप. मला म्हणाले, चल नवरदेव, तुझे वासे मोजू, वर्षभर मुरलेत, उद्या छताला हात घालू.
मी म्हणालो, माझे?
मामा म्हणाले, मग काय माझे? सोळा पॉपलर पाडले, सोलले, तुझी वहिनी वर्षभर त्यांना बाळंतिणीसारखं जपतेय. तूच तर फोनवर आईला म्हणालास ना, कापा, कापा म्हणून?

मागच्या सप्टेंबरात आईचा फोन आला होता. मी मालाच्या गाडीवर होतो. काही ऐकू येत नव्हतं. मी हो हो, कापा कापा म्हणालो होतो. मला वाटलं कोंबडी.

सगळे गोठ्यामागे गेले. मामांनी ताडपत्री ओढली. पाच वासे. त्यांच्यामागे खोके. मामा खोक्यांकडे बघत उभे. म्हणाले, लाकडाला खोके झाले का रे? दादाने वाकून करवतीचा भुसा चिमटीत घेतला. आईने हातातल्या नानकडे बघितलं. मातकेरिमने आपल्या हातातल्या नानकडे बघितलं, आणि तो परत माझ्या हातात ठेवला. मोडलेला, तसाच.

आणि मग वहिनी ओरडली. केनेशबेक!
माझं नाव. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सासूसमोर, नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर. पाटापलीकडची कुत्रीसुद्धा गप्प झाली. वहिनीने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि म्हणाली, केनेशबेक, माझ्या पोराची झाडं अजून मनगटाएवढी आहेत, नाहीतर मी ती दिली असती. तुझे कान कुठे होते रे?
कान माझ्या खिशात होते. वायरसकट.

५ सप्टेंबर.
मातकेरिमचा निरोप. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, पोराला भाजायला येतं, आवळायला येतं, पोरगी उपाशी राहणार नाही. पण भिजेल. आधी छत. पुढच्या वर्षी बघू.
विकतच्या वाशांसाठी आणखी एक हिवाळा गोदाम.

आज पाटाच्या कडेला सोळा फांद्या रोवल्या. वहिनीने आळी करून दिली. म्हणाली, पाणी मी घालीन, धाकटे मालक, तुमच्या मुलाच्या छताला होतील. सूर मी नीट ऐकला. त्यात टोमणा नव्हता. बहुतेक कधीच नव्हता. हे लिहायला फार वेळ लागला.

१६ सप्टेंबर. सायबेरिया.
पोचलो. खोलीत चौघं. वहिनीने बॅगेत त्या मोठ्या कढईतल्या मुरंब्याच्या चार छोट्या बरण्या दिल्यात, मोज्यांत गुंडाळून. एकही फुटली नाही.

ठराव आता संपला, तेव्हा खायला हरकत नव्हती. मी झाकणाला जोर लावून बघितलं. मग त्या तिघांनी. चाकूचं टोक मोडलं. त्यांच्यातला ड्रायव्हर म्हणाला, हे कोणत्या गाढवाने आवळलंय? मी सांगितलं नाही.

जाझगुलचा मेसेज आलाय. गावभर झालंय म्हणे की मी छत जाळून मुरंबा केला. विचारते, निदान गोड झालाय का?
अजून उत्तर दिलेलं नाही. झाकण निघत नाहीये.