न मोडलेला नवस

वाळूज

प्रिय हनुमान,

तुझा पाय कसा आहे? अंगठ्याच्या मुळाशी लालभडक सूज आली आहे, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, असं परवा फोनवर सांगितलंस. त्यानंतर तू जे बोललास ते ऐकून मी फोन ठेवला. राग मानू नकोस. मला तोंडानं बोलता येत नाही, असेल ते मी लिहूनच सांगते, हे तुला तू पाचोडच्या शाळेत होतास तेव्हापासून माहीत आहे.

तुझ्या दादाचंही असंच सुरू झालं होतं. फर्स्ट शिफ्टला निघताना कंपनीचा बूट पायात जाईना. लोखंडी टोकाचा तो बूट हातात धरून ते पलंगावर बसून राहिले आणि खाली बस हॉर्न वाजवून निघून गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गाऊट म्हणाले. युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडातून पुरेसं बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसतात. मटण, दारू कमी करा, पाणी भरपूर प्या, पण नुसत्या पथ्यानं भागणार नाही. पुष्कळदा हे घराण्यातूनच येतं. दुखणं उतरलं की एक गोळी सुरू करायची आणि ती रोज घ्यायची, पाय दुखो वा न दुखो. हे शेवटचं मी पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं होतं.

त्याच आठवड्यात आई गावाहून आल्या. रिक्षा करून तुझ्या दादाला इथल्या जवळच्या सातारा गावातल्या खंडोबाला घेऊन गेल्या आणि पाय सुटला तर जन्मभर मटण खाणार नाही, असा नवस बोलायला लावला. धनगराच्या पोरानं याहून मोठं काय सोडायचं? काही दिवसांत पायाची सूज खरंच उतरली. हा झटका आपोआपही ओसरतो, असं डॉक्टर म्हणालेच होते, पण ते कोणाला ऐकायचं होतं? आईंनी भंडारा उधळला. मी रोज गोळी काढून तांब्याजवळ ठेवायची, ती तशीच राहायची. ते म्हणायचे, देवानं बरं केलं अन् वर गोळी खाल्ली, तर देवावर भरवसा नाय असं व्हतं.

पुढे दुखणं परत आलं, ते नेमकं चंपाषष्ठीला. सगळी भावकी जमली होती, तूही होतास. त्यांना लंगडताना बघून आई सगळ्यांसमोर म्हणाल्या, कुठं तरी हाडूक चघळलं असंल, देव काय आंधळा हाय व्हय? मागून कोणी तरी तुझ्या दादाला ओरडून म्हणालं, खंडेराव, अख्खा बोकड एकट्यानंच हाणला का? सगळे हसले. तेही हसले. घरी आल्यावर आईंनी माझा तवा हुंगून पाहिला. याला वास येतो म्हणाल्या, तुझ्याच हातानं बाटला असंल. हनुमान, तुझ्या लग्नानंतरच्या जेवणात तुझे दादा घामाघूम होऊन पंगतीला मटणाचा रस्सा वाढत होते आणि नंतर मांडवामागे ठेचा-भाकरी खात बसले होते. त्यांना पाण्याचा तांब्या तूच नेऊन दिलास.

त्यानंतर त्यांनी दुखणं लपवायला सुरुवात केली. पाय दुखला म्हणजे नवस मोडला, असंच ठरलं होतं ना! चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, खायच्या आणि बुटात पाय कोंबायचा. आई येणार असल्या की जास्त. बीपी होतंच, त्यात वर्षानुवर्षं ह्या गोळ्या. मूत्रपिंडं गेली. तोंडावर सूज दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रोजची गोळी चालू आहे ना? पुढचं डायलिसिस तू पाहिलं आहेस.

माझं खंडोबाशी भांडण नाही. त्यानं कोणाची गोळी बंद केली नव्हती.

आता परवाच्या फोनचं. तुझ्या दादाचं वर्षश्राद्ध झालं की आई खंडोबाचं जागरण घालणार आहेत. तू म्हणालास, वहिनी, दादाचा नवस मोडला म्हणून देवानं माझा पाय धरला. तुम्ही दादाच्या वतीनं चारचौघांत एकदा कान धरा, चुकलं म्हणा, मंग मी बी नवस बोलतो, आईचं समाधान व्हईल. हनुमान, मी येणार नाही. जो नवस त्यांनी मरेपर्यंत पाळला, तो मोडल्याची माफी मी मागणार नाही. तू इकडे ये. त्याच डॉक्टरांकडे आपण जाऊ, मी सोबत बसेन. मेडिकलवाल्याकडून काही आणून खाऊ नकोस. गोळी सुरू झाल्यावर सुरुवातीला काही महिने झटके येऊ शकतात, तेव्हा घाबरून सोडायची नाही. एवढंही करायचं नसेल तर खुशाल नवस बोल. मग तुझ्यामागे एक दिवस तुझ्या बायकोला, सृष्टीला, कान धरून उभं करतील. मी त्या दिवशी नक्की येईन आणि सगळ्या भावकीसमोर तिच्या बाजूनं बोलेन. माझ्या बाजूनं तू बोलला नाहीस.

तुझीच वहिनी,
योगिनी