टेकडीवर पोचलेला निरोप

ऑरिन,

दोन्ही फोन कंपन्या एक झाल्या, खिंडीतला टॉवर बंद पडला, आणि तेव्हापासून आपल्या घरात रेंज नाही. आज बॅग ट्रकमध्ये टाकून मी बहिणीकडे निघाले होते, कायमची. कब्रस्तानाच्या टेकडीवर पोचले आणि तुझा तीन आठवड्यांपूर्वीचा निरोप फोनवर येऊन पडला: "व्हर्ना, चुकलं माझं."

तशीच मागे फिरले, तर तू घरात नाहीस.

अरे बाबा, रोज समोर बसून माझ्या हातचा रस्सा ओरपतोस, तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं का?

बहीण वाट बघत असेल. येत नाही म्हणून कळवायला पुन्हा टेकडीवर जातेय. पोरक्या वासराला दूध पाज. मी आल्यावर तेच वाक्य तोंडाने म्हण. त्याला रेंज लागत नाही.

व्हर्ना